दशरथच्या विहिरीचं पाणी

शेवंताबाईंनी पिशवीतून आधी घासून लख्ख केलेला टोप काढला, मग एक पुरचुंडी. पुरचुंडी सोडली तर आत मूठभर तूरडाळ. तेव्हा कुठे मार्तंडरावांचं ‘क्लिअर टायटल, तीस वर्षांचा सर्च’ हे सकाळपासून चाललेलं कीर्तन जागच्या जागी थांबलं.

“हे काय?”

“डाळ,” शेवंताबाई म्हणाल्या. “घर माका पसंत आसा. भिंती बघितलंय, वासे बघितलंय, वाळवी नाय. आता पाणी बघतंय. माझी आवस सांगायची, घर घेवचा तर त्या घराच्या पाण्यात पयली डाळ शिजव. शिजली तर इसार दी, नायतर राम राम म्हण नि उठ.”

त्यांचे यजमान गुणाजी परब परळच्या गिरणीतून जॉबर म्हणून नुकतेच मोकळे झाले होते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, “आमच्या घरातला हायकोर्ट हाच. आम्ही आपले खाली बसून असतो.”

सगळे हसले. मार्तंडरावांचे थोरले भाऊ शरच्चंद्रही हसले, म्हणजे त्यांच्या मिशा हलल्या. मार्तंडरावांची बायको मृणालिनी हसली. फक्त माजघराच्या दारात उभ्या थोरल्या जाऊबाईंना, पद्मजाबाईंना, हसू आलं नाही. मूठभर डाळीकडे त्यांनी असं पाहिलं, जसं एखाद्या कसलेल्या चोराने कसलेल्या फौजदाराकडे पाहावं.

कर्णिकांची विहीर दिसायला देखणी. गोल बांधीव, काठाला सोनटक्का, भर चैत्रातही भरपूर पाणी. मामंजींनी सव्वीस साली हे घर बांधलं तेव्हा विहीर खणणाऱ्याने किती हातांवर पाणी लागेल ते अचूक सांगितलं होतं. ते कसं लागेल हे ना मामंजींनी विचारलं, ना त्याने सांगितलं. पाणी लागलं ते जड. साबणाला फेस नाही. आणि डाळ? दोन तास रटारटा शिजवा, एका दाण्याची दुसऱ्याशी ओळख होणार नाही.

मग प्यायला आणि शिजवायला पाणी यायचं कुंपणापलीकडून, दशरथ म्हात्र्यांच्या वाडीतल्या विहिरीचं. रोज सकाळी दोन हंडे. आणायचे कोणी? मृणालिनी शाळेत मास्तरीण, सातच्या आत घराबाहेर. बायामाणसांच्या कामात पुरुषांनी पडायचं नाही, हे तर मामंजींनी पायाच्या दगडावरच कोरून ठेवलं असावं. राहता राहिल्या पद्मजाबाई. तीस वर्षं रोज दोन हंडे. डावा खांदा उजव्याहून बोटभर खाली गेला होता. शिंपी मोठा सज्जन माणूस, काही न बोलता पोलक्याची डावी बाजू कमी बेतायचा.

म्हणून तर घर विकायचं म्हणताच साऱ्या घरात आधी ‘हो’ म्हणाल्या त्या. मुलुंडला नवी सोसायटी होत होती. शरच्चंद्रांनी ब्लॉकचा नकाशा आणून पसरला, तेव्हा त्यांनी हॉल पाहिला नाही, गॅलरी पाहिली नाही. स्वयंपाकघराच्या चौकोनात एक चिमुकलं वर्तुळ होतं, त्यावर बोट ठेवून विचारलं, “हे काय?” “नळ,” शरच्चंद्र म्हणाले. “घरात?” “घरात.” त्यांनी बोट बराच वेळ उचललं नव्हतं. अक्षय्यतृतीयेच्या आत पैसे भरायचे होते, नाहीतर यादीतल्या पुढच्याला ब्लॉक. आणि पैसे घर विकल्यावाचून येणार नव्हते.

घर कसं विकावं याबद्दल त्यांची स्वतःची मतं होती. मार्तंडराव फोर्टात सॉलिसिटरकडे हेडक्लार्क, त्यांना वाटे रंग काढावा. पद्मजाबाई म्हणाल्या, “नवा रंग दिसला की घेणारा आधी विचार करतो, खाली काय झाकलंय. झाडून-सारवून ठेवा, पुरे.” पावसाळ्यात जिथे गळतं ते कौल त्यांनी स्वतः दाखवलं. घरपट्टीच्या पावत्या तारेत ओवून समोर ठेवल्या. आधीची दोन गिऱ्हाइकं नुसती बाहेरून बघून गेली होती. हे तिसरं तेवढं खरं दिसत होतं. पाण्याचं मात्र त्यांनी मनाशी ठरवलं होतं: विचारलं तर सांगायचं. आता कोणी विचारलं नव्हतं. सरळ डाळच आणली होती.

“इरीचा पाणी खंय?” शेवंताबाईंनी विचारलं.

“आहे ना!” मार्तंडराव लगबगीने म्हणाले. “रहाटाची दोरी जीर्ण झाली होती, आज सकाळीच काढून टाकली. नवी आणायचीय. पण पाणी पहाटेच भरून ठेवलंय. मृणाल, त्या तांब्याच्या हंड्यातलं दे गं बाईंना.”

पद्मजाबाईंनी खिडकीतून पाहिलं. रहाट उघडाबोडका होता. दोरी काल संध्याकाळपर्यंत चांगली मजबूत होती. जीर्ण झाली कधी, रात्रीत?

मृणालिनीने एकदा नवऱ्याकडे आणि एकदा जावेकडे पाहिलं. पद्मजाबाईंनी तोंड उघडायला हवं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर तेवढ्यात मुलुंडचं ते चिमुकलं वर्तुळ आलं. मृणालिनीने पाणी ओतलं. स्टोव्ह पेटला.

पाऊण तास. एवढा लांब पाऊण तास पद्मजाबाईंनी बाळंतपणातही काढला नव्हता. शेवंताबाई स्टोव्हपाशी पाटावर बसून मोकळेपणाने बोलत होत्या. तोंडाने फटकळ पण मनाने निर्मळ बाई. “परळात चाळीत नळ एक, बिऱ्हाडां बावीस. सव्वीस वर्सां भांडलंय गो बाय त्या नळार. कळशी आपटून आपटून चेपली. आमचे हे म्हणत होते, मालाडला दोन खोल्या घेऊया. मी म्हटलंय, खोल्यो नको. इर होयी. आपली इर. पाणी काढताना कोणाचो बोल नको.”

“हो का,” पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांच्या लक्षात आलं, आपण मघापासून या बाईचे खांदे बघतोय. दोन्ही अगदी सरळ होते.

डाळ शिजली. लोण्यासारखी. शेवंताबाईंनी दोन दाणे चिमटीत दाबले, नवऱ्याला दाखवले आणि म्हणाल्या, “द्या इसार.”

मार्तंडरावांनी पावतीचा कागद पुढे ओढला. गुणाजींनी पाकीट काढलं. शरच्चंद्रांनी चष्मा पुसला. आणि पद्मजाबाई दारातून दोन पावलं आत येऊन म्हणाल्या,

“शेवंताबाई, ते पाणी आमच्या विहिरीचं नव्हे.”

गुणाजींनी मोजायला घेतलेल्या नोटा परत पाकिटात सारल्या.

“आमच्या विहिरीचं पाणी जड आहे. त्यात डाळ शिजत नाही. हे शेजारच्या वाडीतलं. रोज मी आणते.”

“वहिनी!” मार्तंडराव ओरडले.

शेवंताबाईंनी आधी स्टोव्ह बंद केला. बाई कोकणातली, रागातही घासलेट फुकट जाळणार नाही. मग मार्तंडरावांकडे वळून म्हणाल्या, “शिकलेल्या माणसाचो शब्द, म्हणान मी इरीत पोहरो सोडूचो हट्ट धरलंय नाय. दोरी तुटली होय? तुमची जीभ कशी नाय तुटली?”

“चल,” गुणाजी म्हणाले. त्यांनी पाकीट परत खिशात घातलं आणि वर बटणही लावलं.

“चला कुठे? बसा,” पद्मजाबाई म्हणाल्या. एकदा खरं बोलून टाकल्यावर त्यांच्या अंगात भलताच जोर आला होता. “घर पसंत आहे ना? भाव पसंत आहे ना? अडलंय पाण्यावर. अर्धा तास द्या. ते वाडीतलं पाणी या घराला कायमचं मिळेल असं कागदावर करून आणते. नाही जमलं तर स्टेशनापर्यंत मीच पोचवायला येते.”

शेवंताबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “बघूया,” म्हणाल्या आणि परत पाटावर बसल्या.

“कागदावर कशाला?” मार्तंडरावांना एकदम कायदा आठवला. चेहऱ्यावर रंग परत आला. “वीस वर्षं वहिवाट असली की हक्क आपोआप होतो. आपण तीस वर्षं भरतोय. दशरथ ना म्हणूच शकत नाही! मी आत्ता नोटीस लिहितो. वहिनी, कधी खंड पडला नाही ना?”

“एक दिवस नाही.”

“त्याने कधी अडवलं नाही?”

“छे. मी विचारूनच भरायची ना.”

मार्तंडरावांची लेखणी थांबली. “विचारून म्हणजे?”

“दर संक्रांतीला. दशरथच्या विमलाच्या हातावर तिळगूळ ठेवायचा आणि विचारायचं, ‘यंदाही भरू ना गं पाणी?’ ती म्हणायची, ‘भर.’ सासूबाईंनीच घालून दिलेली रीत. त्यांनी तिच्या सासूला विचारलं, मी तिला विचारलं.”

“दर वर्षी?”

“मग? दुसऱ्याचं पाणी न विचारता कसं घ्यायचं?”

मार्तंडरावांनी कपाळाला हात लावला. “वाट लागली! वहिनी, परवानगी मागून घेतलेल्या वस्तूचा हक्क होत नाही! न विचारता, दांडगाईने भरलं असतंत, तर आज मालक झाला असता. तीस वर्षं तिळगूळ देऊन देऊन तुम्ही स्वतःच्या हाताने हक्क घालवलात. कोणी सांगितलं होतं विचारायला?”

“असला कसला तुमचा कायदा,” शेवंताबाई मध्येच म्हणाल्या, “चोराक मालक करणारो नि इचारणाऱ्याक भिकारी?”

आजच्या दिवसात त्या बाईने पहिल्यांदाच कर्णिकांपैकी कोणाची बाजू घेतली होती. पद्मजाबाईंनी ते बरोबर टिपलं. “शेवंताबाई, तुम्हीही चला. पाणी तुम्हाला भरायचंय.”

कुंपणात एक माणूस जाईल एवढी फट होती. पलीकडे दशरथ म्हात्रे वांग्यांना पाणी सोडत होते. पन्नाशीचा काळाकभिन्न गडी, गुडघ्यापर्यंत चिखलात. ओटीवर विमला शेवग्याच्या शेंगांच्या जुड्या बांधत होती. पद्मजाबाईंनी पाल्हाळ लावलं नाही. घर विकतोय, ह्या घेणार, पाण्यावाचून घेणार नाहीत, तू पाणी लिहून दे. चार वाक्यं.

दशरथ चिखलातून बाहेर आले. “तोंडानं जलमभर भरा. कागदावर नाय.”

“का रे बाबा?”

“कागूद झाला का तो माझ्या पोरांच्या मानेवर बसला. आज ही बाई येते, उद्या ती चार भाडेकरू ठेवंल, इथं रांग लागंल. माझी वांगी काय थुंकीवर वाढवू?”

खोटं काही नव्हतं त्यात. पद्मजाबाई म्हणाल्या, “मग तेच लिही. किती हंडे, कशाला, कुठवर. प्यायला नि शिजवायला. भाडेकरूंना नाही. आणि आता बोरिवली मुंबईत गेलीय, आज ना उद्या आळीत म्युनिसिपालटीचा नळ येईल. नळ आला की तुझा कागद रद्द.”

दशरथ काठी टेकून उभे राहिले. कुंपणाकडे बघत म्हणाले, “ताई, तुमचं मी कधी मोडलं नाय. पन तुमच्या दिरानं गेल्या साली मोजणीवाला आणला. तो सांगून गेला, कुंपण हातभर तुमच्यात आलंय. माझ्या बापानं लावलेल्या शेवग्याच्या बारा झाडांची रांग त्या हातभरात उभी हाय. आता नवा मालक नकाशा काढंल आणि म्हणंल, तोड झाडं. तुमी पानी मागता, मी काय मागू?”

“कुंपण आहे तिथंच राहील, असं लिहून माग,” पाठीमागून आवाज आला.

पद्मजाबाईंनी वळून पाहिलं. शरच्चंद्र! कुंपणाच्या फटीतून आत येताना त्यांचं धोतर तारेत अडकलं होतं आणि ते एका हाताने सोडवत होते. तीस वर्षांत ते या फटीतून पहिल्यांदा येत होते, तेव्हा कसं यायचं ते ठाऊक नसणार. त्यांच्या मागे मार्तंडराव, गुणाजी.

“दादा, काय बोलताय!” मार्तंडराव म्हणाले. “लांबीने धरलं तर चाळीस वार जागा होते! पाण्याच्या दोन हंड्यांसाठी?”

शरच्चंद्रांनी धोतर सोडवलं. ते भावाला कधी मोडता घालत नसत. कोर्टकचेरीचं मार्तंडला कळतं, असं म्हणून त्यांनी आयुष्यभर कागदावर कोपऱ्यात सही केली होती.

“मार्तंड, ते हंडे तू कधी उचललेस का?”

“मी? मी कशाला—”

“मीही नाही. म्हणून त्यांचा भाव आपण करायला नको. ज्याने उचलले त्याने केलाय. तू लिहायला घे.”

मार्तंडराव वहिनीकडे बघत राहिले. पद्मजाबाई मात्र नवऱ्याकडे बघत होत्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि हा माणूस आज कुंपणात भेटत होता.

विमला ओटीवरून उतरून आली. “त्याला लिहू दे, पन आधी मी बोलते. ताई दरसाल इचारायची. घरात भांडण असू दे, पोर आजारी असू दे, येऊन इचारायची. ह्या नव्या बाईचा काय?”

“मी इचारूची नाय,” शेवंताबाई ताडकन म्हणाल्या. “कागद झालो तर इचारूचा कशाक? पण संक्रातीक तिळगूळ आणीन. नि गणपतीत मालवणासून खाजा येता, ता आणीन. हंडे किती देतंस?”

“दोन. ताईला दोनच होते.”

“ताईंच्या घरात माणसां चार. आमी सात. चार हंडे.”

“चार? वयनी, इर हाय का समुद्र? अडीच.”

“अडीच हंडे कशान मोजूचे? तीन. आणि सणाक चार.”

“तीन. सणाला चार, पन सण कोंचे ते मी सांगन. तुमा कोकणातल्यांचा दर आठवड्याला सण.”

विमलाच्या या बोलण्यावर शेवंताबाईच आधी खदखदल्या. पुरुष बाजूला उभे होते. दशरथनी पायाचा चिखल काठीने खरवडायला घेतला. त्यांच्या विहिरीचा सौदा त्यांना विचारल्याशिवाय झाला होता आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार दिसली नाही.

कर्णिकांच्या ओटीवर परतल्यावर गुणाजींनी घसा साफ केला. गिरणीत चारशे माणसं सांभाळलेला गडी, गोडीने गळ टाकणारा. “भाऊसाहेब, चौदा हजार ठरले ते गोड इरीचे. आता इर जड, जागा हातभर कमी, पाणी कुंपणापलीकडचा. सातशे कमी करा.”

मार्तंडराव बोलणार होते, पण त्यांनी आधी वहिनीकडे पाहिलं. ही सवय त्यांना तासाभरातच लागली होती.

“तीनशे,” पद्मजाबाई म्हणाल्या. “त्याहून जास्त मी कमी करणार नाही, आणि का ते ऐका. विहीर जड असली तरी आटत नाही. झाडांना तिचं पाणी अमृत, फणस बघा कसे लागलेत. भांड्यांना चालतं, कपड्यांना धुण्याचा सोडा टाका. गळणारं कौल मी दाखवलंय, पाण्याचं मी सांगितलंय. तिसरं काही निघालं तर मुलुंडला येऊन माझ्या दारात भांडा. एवढं सांगून घर विकणारा दुसरा कोणी बोरिवलीत मिळाला, तर जरूर त्याच्याकडून घ्या.”

गुणाजींनी बायकोकडे पाहिलं. “तीनशे बरोबर,” हायकोर्टाने निकाल दिला. “आणि रहाटाक दोरी. नवी. ह्यांच्या पैशान,” असं म्हणत मार्तंडरावांकडे बोट.

मार्तंडरावांनी मान खाली घालून कागद ओढला. लिहिताना मात्र त्यांनी हातचं राखलं नाही, हे म्हटलं पाहिजे. हक्क गुणाजींच्या नावे न देता घराच्या नावे दिला, म्हणजे पुढे घर कोणाकडेही गेलं तरी पाणी बरोबर जाईल. कुंपण शेवग्याच्या रांगेनुसार कायम. दशरथची सही घेतली आणि रजिस्टरच्या दिवशी त्यांनी स्वतः हजर राहायचं हेही त्यात घातलं. “नुसत्या इसारपावतीवर विसंबू नका,” ते गुणाजींना म्हणाले, “रजिस्टर झाल्याशिवाय बाकीचा पैसा सोडायचा नाही. आम्हालासुद्धा.” बोलून गेल्यावर ते स्वतःच जरा चपापले. मृणालिनीने दौत उचलताना नवऱ्याच्या खांद्याला हलकेच हात लावला.

इसार मिळाला. परबमंडळी उन्हं कलायच्या आत निघाली. शिजलेली डाळ शेवंताबाई टोपासकट घेऊन गेल्या. “ती काय वायट जावची? रातीक फोडणी घालतंय.”

मार्तंडराव ओटीवर रेंगाळले. “वहिनी, गिऱ्हाईक उठून गेलं असतं तर? तुमचा मुलुंडचा ब्लॉक गेला असता.”

“गेला असता.”

“आणि मी पार्ल्याला बघितलेला ब्लॉकही.”

“तोही गेला असता, भावोजी. मग तुम्ही मला जन्मभर बोलला असतात आणि मी ऐकून घेतलं असतं. पण ती बाई या घरातल्या पहिल्या सकाळीच, डाळ शिजली नाही की, मला बोलली असती, ते मात्र ऐकवलं नसतं.”

ते उठून आत गेले. संध्याकाळी शरच्चंद्रांनी सोसायटीचा फॉर्म काढला, शाईची बाटली उघडली. असले फॉर्म ते नेहमी एकटेच भरत आणि भरल्यावर वाचून दाखवत. आज लेखणी हवेत थांबली.

“अगं, एक रकाना राहिलाय. तळमजला हवा की तिसरा? तिसऱ्यावर वारा छान येईल. भावही तोच आहे.”

पद्मजाबाई निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवून त्यांच्याजवळ येऊन बसल्या. “तिसऱ्यावर पाणी चढतं का?”

“चढत असेल. नकाशात नळ दाखवलाय.”

“नकाशात आपली विहीरसुद्धा झकास दिसते. तुम्ही चढताना बघितलंत?”

शरच्चंद्रांनी प्रामाणिकपणे मान हलवली. नव्हतं बघितलं.

“सोसायटीच्या शेजारची बिल्डिंग पुरी झालीय ना? लोक राहायला आलेत. सकाळी सहाला पाणी सोडतात म्हणाला होतात. उद्या मी जाते. तिसऱ्या मजल्यावरची कोण बाई असेल तिला सांगते, तुझ्या नळाखाली माझी एक बादली लाव. किती वेळात भरते बघते, आणि मग सांगते कुठला मजला.”

“ओळख ना पाळख, ती लावू देईल?”

“विचारीन की तिला.”

शरच्चंद्रांनी बाटलीचं झाकण लावलं. रकाना तसाच कोरा ठेवून फॉर्मची घडी केली.

“मीही येतो,” ते म्हणाले.

“या. बादलीही तुम्हीच घ्या,” पद्मजाबाई म्हणाल्या, आणि मेथी पुढे ओढली.